रडीचा डाव आणि ऑनलाइन भिडू



लहानपणी गल्लीत क्रिकेट खेळताना एखादा आऊट झाला की बॅट काखेत मारून घरी निघायचा. आपण मागून ओरडायचो, ‘चिडका बिब्बा!’ आणि दुसऱ्या दिवशी तोच पोरगा परत खेळायला हजर. यावंच लागायचं त्याला, कारण गल्ली तीच आणि पोरंही तीच. रडीचा डाव खेळणाऱ्याला रोज त्याच तोंडांसमोर उभं राहायचं असायचं. ऑनलाइन खेळात नेमकी ही गल्लीच नाही. आजचा विषय तो आहे.

उदाहरण म्हणून ‘लीग ऑफ लेजंड्स’ घेऊ. रायट गेम्स या कंपनीने 2009 मध्ये आणलेला हा खेळ. पाच विरुद्ध पाच, एक डाव साधारण अर्धा तास किंवा जास्त. बाकीचे चार भिडू बहुतेक वेळा अनोळखी. अशा डावात चिडचिड का होते? तीन कारणं बघा.

पहिलं, समोर चेहरा नसतो. पडद्याआड माणसाची भीड कशी चेपते, याची मांडणी मानसशास्त्रज्ञ जॉन सुलर यांनी 2004 मध्ये केली. दुसरं, भिडूची चूक पडद्यावर ठळक दिसते, आपली दिसत नाही. नाचता येईना अंगण वाकडं, आणि इथे तर चार अंगणं तयारच आहेत! तिसरं कारण फारसं कुणी लक्षात घेत नाही. हे खेळ तुम्हाला तुमच्याच ताकदीच्या लोकांशी जोडतात. म्हणजे व्यवस्था नीट चालली तर तुम्ही साधारण निम्मे डाव हरणारच. ते हरणं हिशोबातलंच आहे. आपण मात्र प्रत्येक वेळी गुन्हेगार शोधत बसतो.

आता यावर उपाय काय? पटकन सुचतं ते म्हणजे वाईट लोकांना हाकला. पण रायटने आपल्या खेळाडूंच्या नोंदी तपासल्या तेव्हा दिसलं, की सतत शिवीगाळ करणारे अगदी थोडे आहेत. बराचसा त्रास एरवी नीट वागणाऱ्या, पण त्या दिवशी डोकं फिरलेल्या लोकांकडून होतो. म्हणजे तुमच्या-माझ्यासारख्यांकडून.

मग त्यांनी एक साधी गोष्ट केली. विरुद्ध संघाशी होणाऱ्या गप्पा आधीपासूनच बंद ठेवल्या. ज्याला हव्या त्याने एक बटण दाबून सुरू कराव्यात. वाईट बोलणं 30 टक्क्यांहून जास्त घटलं, चांगलं बोलणं तितक्याच प्रमाणात वाढलं, आणि गप्पा मारणारे मात्र जवळपास तेवढेच राहिले. मधे एका क्षणाचा अडसर आला, तेवढ्याने हा फरक पडला.

दुसरी गोष्ट शिक्षेची. नुसती बंदी घातली तर साधारण निम्मे लोक सुधारायचे. बंदी का घातली हे सांगितलं, त्यांनीच लिहिलेलं त्यांना दाखवलं, तेव्हा हे प्रमाण 70 टक्क्यांच्या आसपास गेलं. शिक्षा झालेल्या माणसाला आपण काय केलं हे कळायला हवं ना!

हे सगळं मला माहीत होतं, तरी मी काय केलं ते सांगतो. माझा भाचा नववीत आहे. एका रात्री तो खेळताना भिडूला जे काही लिहीत होता, ते मी मागून वाचलं. माझं डोकं तापलं. ‘बंद कर आत्ताच्या आत्ता,’ म्हणून मी राउटरच बंद केला. तो रडवेला होऊन म्हणाला, ‘मामा, आता ते चौघं माझ्यामुळे हरणार.’ खरंच होतं ते. खिलाडूवृत्ती शिकवायला निघालेल्या मामाने भाच्यालाच डाव मोडायला लावला होता.

दुसऱ्या दिवशी दोघं शांतपणे बसलो. कळलं ते असं, की त्याच शिव्या त्याला आदल्या डावात कुणीतरी दिल्या होत्या. त्याने त्या पुढे पाठवल्या, इतकंच.

तेव्हा चार गोष्टी सांगतो. कुणी शिव्या देत असेल तर उत्तर देऊ नका, त्याचा आवाज बंद करा आणि डाव संपल्यावर रिपोर्ट करा. लागोपाठ दोन डाव हरलात तर उठा, पाणी प्या, तिसरा उद्या. आपली चूक झाली तर ‘माझं चुकलं’ एवढं लिहा, निम्मी भांडणं तिथेच विझतात. आणि पालकांनो, वेळ ठरवायची तर डावांच्या हिशोबात ठरवा. ‘हा शेवटचा’ हे डाव सुरू व्हायच्या आधी सांगा.

एक फरक मात्र विसरू नका. तक्रार वेगळी आणि रड वेगळी. कुणी फसवून खेळत असेल, मुलगी आहे म्हणून कुणी घाणेरडं बोलत असेल, धमकी देत असेल, तर ते सोसायचं नाही. स्क्रीनशॉट ठेवा, तक्रार करा, गरज पडली तर सायबर पोलिसांकडे जा. त्या मुलाला किंवा मुलीला ‘रडू नकोस’ म्हणू नका.

भाचा अजून खेळतो, अजून चिडतोही. पण परवा हरल्यावर त्याने समोरच्यांना ‘छान खेळलात’ लिहिलं आणि मग जोरात दार आपटलं. मी त्याला काही बोललो नाही. दार आपलंच आहे.