काचेला दिसतं करणारा काळा कागद

परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने दिलेला ‘परभणी कुसुम’ हा करडईचा वाण मराठवाड्यातल्या शेतकऱ्यांच्या चांगल्या परिचयाचा. त्याच करडईचं सोनेरी तेल काचेच्या बाटलीत भरून फोटो काढायला घ्यावा, तर समोरून टाकलेला फ्लॅश सगळी मजा घालवतो. बाटलीवर पांढरा चट्टा उमटतो, तेल काळपट दिसतं.

कारण साधं आहे. समोरून आलेल्या प्रकाशापैकी जेमतेम चार टक्के काचेच्या पृष्ठभागावरून परततो, तोही आरशासारखा एकाच दिशेने. उरलेला आरपार निघून जातो. म्हणून जाणकार छायाचित्रकार बाटलीवर प्रकाश टाकतच नाही. तो मागचा पांढरा पडदा उजळतो आणि बाटलीच्या दोन्ही बाजूंना, चौकटीच्या जरा बाहेर, काळे कागद उभे करतो. गोल कडांपाशी किरण इतके वळतात की तिथे मागचा पडदा न दिसता बाजूचा काळेपणा दिसतो. बाटलीला रेखीव काळी किनार मिळते!

मागे काळा आणि बाजूंना पांढरा कागद ठेवला, की हीच किनार उजळते.

तेलाची गंमत वेगळीच. त्याचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश वळवण्याच्या क्षमतेचं माप, सुमारे १.४७, तर नेहमीच्या काचेचा १.५२. दोन्ही इतके जवळचे, की काच आणि तेल यांच्यामधली सीमा जवळपास पुसली जाते आणि सोनेरी रंग थेट कडेपर्यंत भरल्यासारखा वाटतो. पाण्याचा अपवर्तनांक १.३३, त्यामुळे पाण्याच्या बाटलीत काचेची जाडी जास्त जाणवते.