परमुलखांतील तरुण धर्मोपदेशकाची दिनचर्या : नागपूर प्रांतांतील एक उदाहरण

काटोलहून नागपुरास येणाऱ्या रस्त्यावर, शहर तीनचार कोस उरलें असतां, जुनापाणी हें स्थळ लागतें. तेथील माळावर मोठाल्या दगडांचीं दीडशेंहून अधिक वर्तुळें असून तीं ख्रिस्तपूर्व पहिल्या सहस्रकांतील लोकांचीं दफनस्थानें आहेत. त्याच बाजूनें शहराच्या तोंडाशीं आल्यावर टाकळी लागते. ती आतां शहरांतच मिळून गेली आहे. येथील खडकांच्या थरांत प्राचीन तळ्यांतील गोगलगाईंचे शंख, लाकडाचे तुकडे व बिया दगड होऊन पडलेल्या सांपडल्या. टाकळीच्या या अवशेषांची माहिती शास्त्रीय जगापुढें ज्यांनीं मांडली त्यांचा पेशा भूगर्भशास्त्राचा नव्हता. सत्ताविसाव्या वर्षीं मायदेश सोडून आलेले ते एक स्कॉटिश मिशनरी होते. त्यांचें नांव स्टीफन हिस्लॉप.

मिशनऱ्यांविषयीं आपल्याकडे जें लिहिलें गेलें तें बहुधा दोन टोकांचें आहे. एक पक्ष त्यांच्या त्यागाचें वर्णन करतो, दुसरा त्यांच्या धर्मांतराच्या उद्योगावर दोष ठेवतो. या वादांत त्या माणसांचा दिवस कसा जात असे, हा साधा प्रश्न मागें पडतो. वस्तुतः इतिहासाच्या दृष्टीनें तोच महत्त्वाचा आहे. कारण नागपूरकर भोसल्यांच्या राज्याच्या अखेरच्या दशकासंबंधीं जीं समकालीन इंग्रजी पत्रें व टिपणें उपलब्ध आहेत, त्यांतील कांहीं या मिशनऱ्यांचीं आहेत. लेखकाचा दिवस समजला म्हणजे त्याच्या लेखाचें मोल ठरवितां येतें. याकरितां प्रस्तुत लेखांत हिस्लॉप यांचें उदाहरण घेतलें आहे.

हिस्लॉप यांचा जन्म ८ सप्टेंबर १८१७ रोजीं स्कॉटलंडमधील डन्स या गांवीं झाला. १८४३ सालीं स्कॉटलंडच्या चर्चमध्यें फूट पडून ‘फ्री चर्च’ निराळें झालें. त्या नव्या पक्षानें त्यांस नागपुरास पाठविलें. या मिशनच्या स्थापनेस मद्रास लष्करांतील हिल नांवाच्या अधिकाऱ्याची देणगी कारण झाली होती. १८४४ च्या अखेरीस हिस्लॉप पत्नीसह मुंबईस उतरले आणि १८४५ च्या फेब्रुवारींत नागपुरास पोहोंचले. त्या वेळीं आगगाडी नव्हती. ती नागपुरास १८६७ सालीं आली. मुंबईपासून सुमारें पांचशें मैलांची वाट रस्त्यानेंच तोडावी लागे.

ते आले तेव्हां नागपुरांत तिसरे रघोजी भोसले राज्य करीत होते. सीताबर्डीस इंग्रजांचा रेसिडेंट होता व कामठीस कंपनीच्या फौजेची छावणी होती. म्हणजे मुंबईच्या मिशनऱ्यास ज्या इंग्रजी न्यायालयांचा आश्रय होता, तो येथें नव्हता. शिवाय पूर्वानुभव भयंकर होता. थोड्याच वर्षांपूर्वी अमरकंटकाच्या बाजूस गोंडांमध्यें काम करण्यास आलेल्या जर्मन प्रचारकांपैकीं बहुतेक अल्प काळांत रोगानें मरण पावले होते. नव्या माणसास हें ठाऊक असूनच घर सोडावें लागे.

अशा मिशनऱ्याचा आरंभींचा दिवस भाषेच्या अभ्यासांत जाई. सकाळीं पंडित येई, आणि त्याच्यापाशीं वाचन, लेखन व संभाषण चाले. साधनें अगदींच नव्हतीं असें नाहीं. कॅरी यांचें मराठी व्याकरण १८०५ सालीं व कोश १८१० सालीं निघाला होता. मोल्सवर्थ यांचा कोश १८३१ सालीं, तर दादोबा पांडुरंग यांचें व्याकरण १८३६ सालीं प्रसिद्ध झालें होतें. पण पुस्तकें बाळबोधींत वाचावींत, तर दफ्तरें व पत्रें मोडींत. पुस्तकांतील भाषा मुख्यतः देश-कोंकणची. नागपूर-काटोलकडील शेतकरी ‘डोळा’ शब्दाचा ‘डोया’ करणारा. कामठीच्या छावणींत मद्रासी शिपायांमुळें तेलुगू व तमिळ कानांवर पडे, बाजारांत हिंदी चाले, आणि रानांतील वस्त्यांत गोंडी. ज्यास उपदेश करावयाचा त्याचें बोलणें आधीं समजलें पाहिजे, म्हणून परक्या देशांतील या पंडितानें पुनः विद्यार्थी व्हावें, असा हा प्रसंग होता.

भाषा थोडी हातीं आल्यावर दिवसाची वांटणी बदलली. १८४६ सालीं नागपुरांत मिशनची शाळा सुरू झाली. स्कॉटिश मिशनांची पद्धति अशी कीं, शाळेंत इंग्रजी, गणित, भूगोल इत्यादि विषयांबरोबर बायबल शिकवावें. संध्याकाळीं बाजारांत किंवा रस्त्याच्या नाक्यावर प्रवचन करावें. आणि हिंवाळ्यांत तंबू, पुस्तकें व शिधा बैलगाडींत घालून खेडोपाडीं फिरावें. पावसाळ्यांत काळ्या मातीच्या या मुलखांतील वाटा बंद पडत, म्हणून वर्षाचें वेळापत्रक पाऊसच ठरवी. १८४७ सालीं रॉबर्ट हंटर हे सहकारी येऊन मिळाले. पण प्रकृति बिघडल्यामुळें १८५५ सालीं त्यांस परत जावें लागलें.

घराशीं संबंध पत्रांचाच. सुवेझच्या वाटेनें जाणारी टपालहि विलायतेस पोहोंचण्यास एक ते दीड महिना घेई. म्हणजे लिहिलेल्या पत्राचें उत्तर हातीं पडण्यास सुमारें तीन महिने लागत. आजारपणाची वार्ता घरीं कळे तेव्हां रोगी एकतर बरा झालेला असे, नाहीं तर पुरलेला असे. या पत्रांचा दुसराहि एक वाचकवर्ग होता, तो म्हणजे वर्गणी देणारे लोक. त्यांस यश ऐकावयाचें असे. मिशनऱ्यांच्या अहवालांतील आशेचा सूर वाचतांना ही गोष्ट संशोधकानें विसरूं नये.

शाळेस मुलें येत तीं इंग्रजी शिकण्यास. गुरुजींस मात्र त्यांचा धर्म बदलावा असें वाटे. हा अंतर्विरोध सर्वच मिशनशाळांत होता. हिस्लॉप येण्यापूर्वी एकच वर्ष, १८४३ सालीं, मुंबईस नारायण शेषाद्रि यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत हाहि मिशनऱ्यांपाशीं राहिला होता. त्यास न्यायालयानें बापाच्या स्वाधीन केलें. पुढें त्यास प्रायश्चित्त देऊन जातींत घ्यावें कीं नाहीं, यावर ब्राह्मणवर्गांत मोठा वाद माजला व बाळशास्त्री जांभेकर यांनीं त्यास परत घेण्याचा पक्ष घेतला. धर्मांतर म्हणजे घरांतील मूल जिवंतपणीं गमावणें, अशी आईबापांची समजूत होती व तत्कालीन जातिव्यवस्थेंत ती खोटी नव्हती. आपलें घर स्वेच्छेनें सोडून आलेल्या तरुणास दुसऱ्याच्या घराचें हें दुःख कितपत कळे, हा प्रश्न मिशनचरित्रांत क्वचितच विचारलेला आढळतो.

हिस्लॉप यांची खरी विशेषता त्यांच्या फिरतींत दिसते. प्रवचनास जातां-येतां व दौऱ्यांत ते दगड पाहात. टाकळीच्या थरांचें स्वरूप असें : लाव्हाचा एक लोट थंड झाल्यावर त्यावर तळीं सांचलीं, त्यांत जीव वाढले व गाळांत पुरले गेले, नंतर दुसऱ्या लोटानें सर्व झांकून टाकिलें. आजच्या गणनेप्रमाणें ही घटना सुमारें ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीची. हिस्लॉप व हंटर यांचा नागपूर परिसराच्या भूगर्भरचनेवरील निबंध लंडनच्या भूगर्भशास्त्रीय संस्थेच्या त्रैमासिकांत १८५५ सालीं छापला गेला. नागपूरच्या दक्षिणेस मांगली येथें मिळालेल्या प्राचीन उभयचर प्राण्याच्या कवटीचें वर्णन रिचर्ड ओवेन यांनीं केलें व त्यास ‘ब्रॅकिऑप्स’ असें नांव दिलें. ‘हिस्लोपाइट’ हें एका खनिजाचें व ‘हिस्लोपिया’ हें गोड्या पाण्यांतील एका सूक्ष्म प्राणिवर्गाचें नांव त्यांच्याच स्मरणार्थ आहे.

याच फिरतींत गोंडांविषयींचीं टिपणें तयार झालीं. गोंडी शब्दांच्या याद्या, चालीरीतींची माहिती आणि परधान गायकाच्या तोंडून उतरून घेतलेली लिंगोची दीर्घ कथा त्यांत होती. हे कागद हिस्लॉप यांच्या मृत्यूनंतर रिचर्ड टेंपल यांनीं १८६६ सालीं छापविले. ज्या गोष्टी ‘मूर्तिपूजकांच्या कल्पना’ म्हणून टाकून द्याव्यात, अशी मिशनऱ्याची शिकवण, त्याच त्यांनीं काळजीपूर्वक लिहून ठेविल्या. संग्राहकाचें नांव राहिलें; गाणाऱ्याची ओळख मात्र त्याच्या जातीपलीकडे लोकांस नाहीं.

तुलनेसाठीं मॉर्मन पंथाचें उदाहरण घेण्यासारखें आहे. त्या पंथाचे ह्यू फिंडले हे स्कॉटिश प्रचारक १८५२ सालीं मुंबईस आले व पुण्यासहि राहिले. पगार नाहीं, शाळा नाहीं. छावणींत उपदेशास अधिकाऱ्यांनीं मनाई केलेली. पुण्यास लहानशी मंडळी जमली, पण १८५६ पर्यंत हिंदुस्थानांतील त्यांचे बहुतेक सहकारी परतले. त्या पंथाचे तरुण आजहि ठरावीक मुदतीपुरते, तरुण पुरुष दोन वर्षें, जोडीजोडीनें घराबाहेर पाठविले जातात. पहांटे उठणें, अध्ययन, दारोदार जाणें व आठवड्यांतून एक दिवस स्वतःच्या कामांसाठीं, असा त्यांचा क्रम असतो. २०१९ पासून आठवड्यास घरच्यांशीं बोलण्याची मुभाहि झाली आहे. मुदत ठरलेली असली म्हणजे मनुष्य दिवस मोजतो. मुदतच नसली म्हणजे त्याला त्या गांवांत मूळ धरावें लागतें. हिस्लॉप यांच्या लेखनाची खोली अठरा वर्षांच्या या वास्तव्यांत आहे.

१८५३ च्या डिसेंबरांत रघोजी निवर्तले व १८५४ सालीं डलहौसीनें राज्य खालसा केलें. १८६१ सालीं मध्यप्रांत निर्माण झाला. मुख्य आयुक्त टेंपल यांच्यासमवेत हिस्लॉप १८६३ च्या सप्टेंबरांत टाकळघाट येथील शिळावर्तुळांचें उत्खनन पाहण्यास गेले होते. ४ सप्टेंबर रोजीं घोड्यावरून परततांना बोरीजवळ पुरानें भरलेला ओढा ओलांडतांना ते बुडून मरण पावले. सेहेचाळिसावें वर्ष पुरें होण्यास चारच दिवस उरले होते. त्यांच्या नांवाचें हिस्लॉप कॉलेज नागपुरांत १८८३ सालीं निघालें.

ज्या हेतूनें हा मनुष्य आला त्या हेतूचा मागोवा त्याचा पंथ घेईल. इतिहासाच्या अभ्यासकास मात्र या दिनचर्येंतून दोन गोष्टी घेतां येतात. पहिली ही कीं, मिशनऱ्यांच्या कागदांत धर्मप्रचाराचा भाग व प्रत्यक्ष पाहिलेला भाग निराळा करून वाचावा. पहिल्यास दुसऱ्या बाजूचा पुरावा मिळाल्याखेरीज प्रमाण मानूं नये, दुसऱ्यास केवळ लेखकाच्या पंथामुळें टाकूंहि नये. दुसरी ही कीं, ज्या पंडितानें भाषा शिकविली, ज्या परधानानें कथा गाइली व ज्या गांवकऱ्यानें वर्तुळांची वाट दाखविली, त्यांचे वंशज याच मुलखांत आहेत. काटोल, टाकळघाट व गोंडवस्त्यांतील दफ्तरें आणि तोंडी परंपरा तपासल्यास या कहाणीची दुसरी बाजू अद्याप मिळण्याजोगी आहे. तें काम स्थानिक अभ्यासकांनीं हातीं घ्यावें.