कोयनेचे पाणी आणि पोटातला खडक



पृथ्वीविज्ञान म्हटले की हा विषय पंडितांचा, असे वाटून सामान्य माणूस मागे सरतो. आम्ही पंडित नव्हे. आमचे आयुष्य इचलकरंजीच्या यंत्रमाग कामगारांत गेले. जे वाचले ते युनियनच्या कचेरीतल्या बाकावर बसून वाचले. परंतु मागाने आम्हांस एक गोष्ट शिकविली, ती या विषयात फार उपयोगी पडते. सायझिंगमध्ये सुताला खळ नीट बसली नाही, तर मागावर तार तुटते. कांडीवाला आला नाही, तर धोटा थांबतो. कामे निरनिराळी, पण कापड सर्वांचे मिळून होते.

पृथ्वीचेही तसेच आहे. खडक, पाणी, हवा आणि सजीव सृष्टी ही तिची चार खाती. पुस्तकांत ती वेगवेगळ्या प्रकरणांत शिकवितात; प्रत्यक्षात एकाचे काम दुसऱ्यावाचून होत नाही. हे कसे, ते पाहण्यास आपण सातारा जिल्ह्यातले कोयनेचे खोरे घेऊ.

प्रथम खडक. आपला सह्याद्री लाव्ह्याच्या थरांचा आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा वारंवार बाहेर पसरला आणि थरांवर थर साचले. हा काळा बसाल्ट आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर प्रदेश व्यापून आहे. याच खडकाची भिंत जून ते सप्टेंबर अरबी समुद्रावरून येणाऱ्या ओल्या वाऱ्यांस आडवी येते. वारे वर चढतात, थंड होतात आणि पाऊस पडतो. म्हणून महाबळेश्वरास वर्षाला साधारण ५,५०० मिलिमीटरांच्या वर पाऊस होतो आणि त्याच जिल्ह्यात पूर्वेस म्हसवडकडे ५०० च्या आसपास.

खडकाने पावसाची वाटणी केली, तसा पाऊसही खडकाला सोडीत नाही. थेंब हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्ल होतो आणि हळूहळू खडक कुजवितो. बसाल्ट कुजून काळी माती होते, तीत कापूस होतो आणि त्याचे सूत आमच्या मागावर येते. हवेतला तो कार्बन पाण्याबरोबर समुद्रात जातो. तेथील जीव त्यातून शिंपले घडवितात आणि त्यांचा पुढे चुनखडक होतो. असे चारही खात्यांचे व्यवहार एकमेकांत गुंतलेले आहेत.

आता या व्यवहारात माणसाने हात घातला. महाबळेश्वराहून निघालेली कोयना दक्षिणेस वाहते, हेळवाकजवळ पूर्वेस वळते आणि कराडला कृष्णेस मिळते. तिच्यावर १०३ मीटर उंचीचे धरण बांधून पाणी बोगद्यांतून पश्चिमेस सोडले, घाटाखाली वीज केली, आणि बंगालच्या उपसागराकडे जाणारे ते पाणी वाशिष्ठीवाटे अरबी समुद्रास मिळू लागले. १९६२ पासून ही वीज मिळू लागली. आज जलाशय पूर्ण भरला की सुमारे ३०० कोटी टन पाणी त्या खोऱ्यात उभे राहते.

द्वीपकल्पाचा हा भाग अचल, येथे मोठा भूकंप व्हावयाचा नाही, असा तेव्हा समज होता. परंतु पाणी भरू लागताच हादरे जाणवू लागले. १३ सप्टेंबर १९६७ ला मोठा धक्का बसला आणि ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला. सुमारे १८० माणसे मेली. धरणाला तडे गेले, पण ते टिकले; पुढे त्यास बळकटी देण्यात आली. वीजगृह बंद पडले आणि मुंबईच्या कारखान्यांची वीज तुटली. आपले यंत्र कोणत्या डोंगराला बांधलेले आहे, हे त्या दिवशी शहरास कळले.

पाण्याने भूकंप होतो काय? याचे उत्तर नीट समजून घेतले पाहिजे. बिमावर तार ताणलेली असते. कमजोर तार तुटावयाच्या बेतात असली, की धोट्याचा जरासा धक्का पुरतो. ताण बिमाचा, निमित्त धोट्याचे. भारताचे भूपट्ट वर्षाला सुमारे ५ सेंटिमीटर उत्तरेकडे सरकत हिमालयास रेटते आहे, त्यामुळे खोल खडकात ताण साचतो. कोयनेखाली जुने प्रस्तरभंग आहेत. जलाशयाचे वजन त्यांवर आले, भेगांत शिरलेल्या पाण्याचा दाब वाढला, घट्ट दाबून बसलेल्या खडकांची पकड सैल झाली आणि ते सरकले. भूकंपाची शक्ती पृथ्वीचीच, पाणी निमित्तमात्र.

म्हणून प्रत्येक धरणाखाली असे घडत नाही. ग्रीसमधील क्रेमास्ता येथे मात्र १९६६ साली घडले होते. कोयनेत पावसाळ्यात जलाशय भरल्यावर धक्के वाढतात. दक्षिणेस वारणेचा जलाशय १९८५ पासून भरू लागला, तेव्हा धक्के तिकडेही पसरले. अधिक जाणण्यासाठी शास्त्रज्ञांनी तेथे ३ किलोमीटर खोल छिद्र घेतले. ते २०१७ साली पूर्ण झाले. सव्वा किलोमीटरच्या आसपास बसाल्ट लागला, त्याखाली ग्रॅनाइट जातीचा अतिप्राचीन खडक.

मग धरण नको होते, असे म्हणावे काय? ज्यांचे पोट विजेवर चालते, त्या कामगारांत राहून आम्ही तसे म्हणणार नाही. पण हिशेब पुरता मांडावा, एवढे म्हणू. ज्यांची गावे पाण्याखाली गेली आणि ज्यांची घरे भूकंपात पडली, ती माणसे त्याच खोऱ्यातली. वीज मात्र दूरच्या शहरांत उजळली. शिवाय भूकंपात माणूस मरतो तो बहुधा घराखाली. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीस हजारो माणसे दगडमातीच्या जाड भिंतींखाली गाडली गेली. भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड, आणि जोत्यावर, दारांच्या माथ्यावर व छपराखाली घराला वेढणारे सिमेंट-लोखंडाचे सलग पट्टे, एवढ्याने पुष्कळ जीव वाचतात.

पोटातल्या खडकाचा ताण काढून घेणे आपल्या हाती नाही. खोऱ्यातल्या प्रत्येक घराला असे पट्टे मिळवून देणे आपल्या हाती आहे, आणि ज्यांच्या घरी त्या पाण्याचा दिवा लागतो त्या सर्वांनी ती मागणी आपली समजून केली पाहिजे.