गिरणीच्या जमिनीत कामगाराचा वाटा किती?

परळ, लालबाग, शिवडी, वरळी, भायखळा. मुंबईच्या ऐन मध्यावरचा हा पट्टा म्हणजे गिरणगाव. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. त्यानंतर गिरण्या एकेक करून बंद पडल्या. मागे उरली सुमारे सहाशे एकर जमीन. तेथे भांडवल कसे यावे, याची चिंता शासनाने वाहिली. आलेले भांडवल कोणाच्या पदरात पडावे, याची चिंता मात्र कामगारालाच करावी लागली.

१९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत ५८ वा नियम आला. मालकाने गिरणीची जमीन विकसित केली, तर ढोबळमानाने एक वाटा महापालिकेला मैदाने-बागांसाठी, एक वाटा म्हाडाला घरांसाठी आणि एक वाटा मालकाला. २००१ साली हा नियम बदलला. आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीचीच वाटणी होईल, शेड पाडून मोकळी होणारी जमीन धरली जाणार नाही, असे ठरले. गिरणीत शेड सोडून मोकळी जागा ती किती असणार? उच्च न्यायालयाने २००५ मध्ये कामगारांच्या व शहराच्या बाजूने कौल दिला. पण ७ मार्च २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बदललेला नियमच कायम केला.

मग पैशाचा पूर आला. सरकारी मालकीची मुंबई टेक्स्टाइल मिल २००५ साली ७०२ कोटींना विकली गेली. तीच जमीन २०१२ मध्ये सुमारे २,७२७ कोटींना पुन्हा विकली गेली. कचेऱ्यांचे मनोरे उठले, पण स्टेशनचे जिने अरुंदच राहिले. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ जीव गेले.

या गिरण्यांत आपल्या आजा-पणजांचा घाम आहे. तुटलेला धागा तोंडाने ओढून धोट्यात घ्यावा लागे, म्हणून अस्पृश्य कामगाराला चांगल्या मजुरीच्या साचेखात्यात शिरू दिले जात नसे. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा अन्याय चव्हाट्यावर मांडला. कामात वाटा नाकारला गेला होता. आता जमिनीतही तेच घडू द्यायचे काय?

समाज जागा राहिला की काय होते, हे इंदू मिलने दाखवले. आंदोलने झाली आणि डिसेंबर २०१२ मध्ये केंद्र सरकारने तेथील सुमारे बारा एकर जमीन बाबासाहेबांच्या स्मारकाला देण्याचे जाहीर केले. ती जमीन बिल्डरच्या हाती गेली नाही.

म्हणून माता-भगिनींना एक विनंती. १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर गिरणीच्या पटावर असलेल्या कामगाराला वा त्याच्या वारसाला म्हाडाच्या घरासाठी हक्क सांगता येतो, असा नियम झाला. जून २०१२ च्या पहिल्या सोडतीत ६,९२५ घरे होती. अर्ज करणारे लाखाच्या वर. घरातली जुनी ट्रंक उघडा. गिरणीचे तिकीट, पगाराची चिठ्ठी, प्रॉव्हिडंट फंडाचा कागद, ई.एस.आय.चे कार्ड रद्दीत घालू नका. प्रती काढून ठेवा. मुलांना दाखवा आणि आजोबा कोणत्या खात्यात होते, हेही सांगा.

शहरात भांडवल यावे, त्याला आपला विरोध नाही. पण ज्यांच्या श्रमावर हे शहर उभे राहिले, त्यांच्या नातवाने त्या मनोऱ्याच्या दारात केवळ पहारेकरी म्हणून उभे राहावे, ही वाटणी आपल्याला मान्य नाही.