विमाविषयक नियमांतील बदल आणि गर्भनिरोधकांचा वापर : अमेरिकेतील दोन अनुभव

भारतात सरकारी आरोग्य केंद्रांतून ‘माला-एन’ ही गर्भनिरोधक गोळी विनामूल्य मिळते. अमेरिकेत मात्र डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणाऱ्या गर्भनिरोधकांसाठी स्त्रीला किती पैसे मोजावे लागतील, हे बव्हंशी विम्याच्या नियमांवर अवलंबून असते.

या दृष्टीने ‘डेफिसिट रिडक्शन अ‍ॅक्ट’चे उदाहरण उद्‌बोधक आहे. औषध कंपन्यांना ‘मेडिकेड’ या गरिबांसाठीच्या सरकारी विमायोजनेस सवलत द्यावी लागते व ती कंपनीने अन्यत्र आकारलेल्या नीचतम किमतीशी निगडित असते. महाविद्यालयीन आरोग्य केंद्रांना दिलेली नाममात्र किंमत पूर्वी या हिशेबात धरली जात नसे. जानेवारी २००७ पासून ती धरली जाऊ लागली आणि कंपन्यांनी ती सवलतच थांबवली. पाच-दहा डॉलरची मासिक गोळी तीस ते पन्नास डॉलरवर गेली. नियम मेडिकेडचा, झळ मात्र त्या योजनेशी संबंध नसलेल्या विद्यार्थिनींना! मार्च २००९ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली.

एमिली ग्रे कॉलिन्स व ब्रॅड हर्शबाइन या अर्थशास्त्रज्ञांच्या अभ्यासानुसार या काळात महाविद्यालयीन स्त्रियांमधील गोळीचा वापर सरासरी २ ते ४ टक्क्यांनी घटला. हा आकडा किरकोळ वाटेल. परंतु सरासरी येथे फसवी आहे. विमा नसलेल्या किंवा क्रेडिट कार्डाचे मोठे देणे असलेल्या विद्यार्थिनींमध्ये घट दुप्पट-तिप्पट होती. विमा नसलेल्यांपैकी काही जणी तातडीच्या गर्भनिरोधकांकडे, तर काही चिठ्ठीविना मिळणाऱ्या साधनांकडे वळल्याचे दिसते.

दुसरा अनुभव उलट दिशेचा. २०१० च्या ‘अफोर्डेबल केअर अ‍ॅक्ट’मुळे ऑगस्ट २०१२ पासून बहुतेक खासगी विमायोजनांवर गर्भनिरोधके विनाशुल्क पुरवण्याचे बंधन क्रमशः लागू झाले. बेकर व पोल्स्की यांच्या २०१५ मधील अभ्यासात गोळीवरील पदरचा खर्च ३८ टक्क्यांनी, तर तांबीसारख्या गर्भाशयात बसवायच्या साधनांवरील खर्च ६८ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. हा दुसरा आकडा अधिक महत्त्वाचा मानला पाहिजे. गोळीचा खर्च दरमहा विभागला जातो. तांबीचा एकरकमी करावा लागतो. दीर्घकाळात स्वस्त पडणारे साधन केवळ पहिल्या रकमेअभावी नाकारले जाते. सेंट लुईस येथील ‘चॉइस’ प्रकल्पात २००७ पासून नऊ हजारांहून अधिक स्त्रियांना विनाशुल्क निवडीची मुभा मिळाली, तेव्हा सुमारे ७५ टक्के स्त्रियांनी दीर्घकालीन साधने स्वीकारली. अर्थात तेथे समुपदेशनही दिले जात असे. त्यामुळे या निवडीचे सारे श्रेय किमतीला देता येत नाही.