तक्रार केली, पण कागद कुठाय?

मैत्रिणींनो, मारहाणीचा विषय निघाला की गटाच्या बैठकीत एक वाक्य हमखास ऐकू येतं, "पोलिसात जाऊन आलो, काही झालं नाही." बऱ्याचदा झालेलं असतं ते असं : पोलिसांनी एन.सी. लिहून घेतली, नवऱ्याला समज दिली आणि बाईला घरी पाठवलं. एन.सी. म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद. कोर्टाच्या आदेशाशिवाय पोलीस त्याचा तपास करू शकत नाहीत. मग पुढे हलणार काय?

मदतीची ठिकाणं बरीच आहेत. प्रत्येकाचं काम वेगळं आणि तिथून मिळणारा कागदही वेगळा. तो कागद घेतल्याशिवाय उठायचं नाही.

दवाखाना : अंगावर मार असेल तर आधी उपचार. "आधी पोलिसांचं पत्र आणा" म्हणून परत पाठवता येत नाही. मार कसा लागला ते खरं सांगा. "पाय घसरून पडले" असं लिहिलं गेलं, तर पुढे तोच कागद आपल्या विरोधात जातो. घरगुती हिंसाचारात तपासणी अहवालाची प्रत मोफत मिळते.

पोलीस ठाणे : नवऱ्याचा किंवा सासरच्यांचा छळ हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ खाली गुन्हा आहे. एफ.आय.आर.ची प्रत मोफत मिळते. घटना दुसऱ्या हद्दीत घडली तरी जवळच्या ठाण्यात नोंद करता येते. घेतलीच नाही, तर तक्रार लिहून पोलीस अधीक्षकांना पोस्टाने पाठवा आणि पावती जपून ठेवा.

संरक्षण अधिकारी : हे महिला व बाल विकास विभागाचे. नवऱ्याला तुरुंगात घालायचं नाही, पण मार थांबला पाहिजे, घरात राहता आलं पाहिजे, मुलांना खर्च मिळाला पाहिजे, असं कितीतरी जणींना वाटतं. त्यासाठीच २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा आहे. एफ.आय.आर. नसली तरी चालते. अधिकारी घटनेचा अहवाल तयार करून कोर्टाला देतात. त्याची प्रत घ्या. पहिली तारीख साधारण ३ दिवसांत आणि निकाल ६० दिवसांत, असं कायदा सांगतो. तारखा लांबतात, म्हणून अंतरिम आदेश सुरुवातीलाच मागा. कोर्टाचा संरक्षण आदेश मोडला तर १ वर्षापर्यंत कैद होऊ शकते. शेजारणीनं किंवा गटातल्या बाईनं चांगल्या हेतूनं खबर दिली, तर तिच्यावर कारवाई होत नाही.

मूल असेल तर : लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाला, तर "गावातच मिटवू" हा पर्यायच नाही. २०१२ च्या पोक्सो कायद्यानं कळवणं बंधनकारक आहे. जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल तिथे, शक्यतो महिला अधिकाऱ्यानं, गणवेशाशिवाय घ्यायचा असतो. मुलाला रात्री ठाण्यात ठेवता येत नाही. २४ तासांत पोलिसांनी बाल कल्याण समितीला कळवायचं असतं. आपण मुलाला पुन्हापुन्हा विचारू नये, कपडे धुऊ नयेत आणि नाव व्हॉट्सॲपवर तर मुळीच टाकू नये.

वकील आणि आसरा : जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. सखी वन स्टॉप सेंटरमध्ये उपचार, समुपदेशन, पोलीस व कायद्याची मदत आणि थोड्या दिवसांचा निवारा एकाच ठिकाणी मिळतो.

गटानं काय करायचं? पुढच्या बैठकीत हे नंबर इतिवृत्ताच्या वहीत पहिल्या पानावर लिहा : पोलीस ११२, महिला मदत १८१, मुलांसाठी १०९८. तालुक्याच्या संरक्षण अधिकाऱ्यांचा नंबर शोधून तोही लिहा. अशा वेळी सोबत जाणाऱ्या दोघी आजच ठरवा. एकटी बाई "उद्या या" ऐकून परत येते. तिघी गेल्या की "साहेब, प्रत द्या" म्हणायला जीभ अडखळत नाही. काय करायचं हे मात्र तिनंच ठरवायचं, आपण तिच्या पाठीशी राहायचं. आणि कागदांची एक झेरॉक्स तिच्या घराबाहेर, भरवशाच्या मैत्रिणीकडे ठेवायची.