कुंभकोणमचे माधवराव

सयाजीराव गायकवाडांची गोष्ट आपण कवळाण्यापासून सांगतो. मालेगाव तालुक्यातलं खेडं, बारा वर्षांचा गोपाळ आणि २७ मे १८७५ रोजी झालेलं दत्तकविधान. पण त्या मुलाला राज्य करायला शिकवणारा, आणि तो सज्ञान होईपर्यंत बडोद्याचा गाडा ओढणारा माणूस कावेरीकाठच्या कुंभकोणमचा होता. त्याचं नाव आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक आहे, याची मला मनापासून खंत वाटते.

सर टी. माधवराव. या 'टी'चा अर्थ तंजावर. व्यंकोजीराजांच्या मागोमाग तिकडे स्थिरावलेल्या मराठी घराण्यांपैकी एकात, १८२८ साली, कुंभकोणमला त्यांचा जन्म झाला. वडील रंगराव आणि चुलते वेंकटराव हे दोघंही त्रावणकोरचे दिवाण राहिले होते. माधवराव मद्रासला शिकले आणि १८४९ मध्ये त्रावणकोरच्या राजपुत्रांचे शिक्षक झाले. तिथून महसूल खात्यात गेले आणि तिशी गाठायच्या आत दिवाण झाले.

संस्थानाचा दिवाण लोकांनी निवडलेला नसे. राजाची मर्जी आणि इंग्रज रेसिडेंटची मान्यता, दोन्ही सांभाळावी लागे. त्यात गव्हर्नर जनरल डलहौसीने १८५५ मध्येच त्रावणकोरला कारभार सुधारण्याची तंबी दिली होती. खजिन्यावर कर्ज होतं, पगार थकले होते.

माधवरावांनी काय केलं? कर कमी केले! मिरीचंच पाहा. मळा शेतकऱ्याचा, घाम त्याचा. पण मिरी घालायची सरकारच्याच कोठारात, सरकार देईल त्या भावाने. १८६० मध्ये त्यांनी हा मक्ता मोडला. मिरी खुल्या बाजारात आली, सरकारने निर्यातीवर जकात घेतली. पुढे तंबाखूचा मक्ताही गेला. शंभराहून अधिक किरकोळ कर रद्द झाले. १८६५ च्या जाहीरनाम्याने सरकारी जमीन कसणाऱ्या कुळांना मालकी हक्क मिळाला. रयत मोकळी झाली की खजिना आपोआप भरतो, हे त्यांनी करून दाखवलं. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ हेन्री फॉसेट यांनी त्यांना फ्रान्सच्या सुधारक अर्थमंत्र्यावरून 'भारताचे तुर्गो' म्हटलं, ते उगीच नव्हे.

पण एक गोष्ट झाकून चालणार नाही. दक्षिण त्रावणकोरातल्या नाडार स्त्रियांना अंगभर वस्त्र घेण्याची मुभा नव्हती. त्यावरून दंगे पेटले. मद्रासच्या गव्हर्नरच्या दडपणाखाली १८५९ मध्ये परवानगी निघाली, तीही अर्धवट: अंग झाका, मात्र उच्चवर्णीय स्त्रियांसारखं वस्त्र घेऊ नका. दिवाण माधवरावच होते. जकातीच्या बाबतीत एवढं धाडस करणारा माणूस इथे कचरला. मला हे त्यांच्या कारकिर्दीतलं सर्वांत मोठं उणं वाटतं.

१८७२ मध्ये त्यांनी त्रावणकोर सोडलं. मग थोडा काळ होळकरांचं इंदूर आणि १८७५ मध्ये तिथले महाराज मल्हारराव गायकवाड पदच्युत झाल्यावर बडोदं. राज्याची घडी बसवता बसवता त्यांनी सयाजीरावांसमोर राज्यकारभारावर व्याख्यानं दिली. ती 'मायनर हिंट्स' या नावाने पुस्तकरूपात आली. शिष्याच्या हाती सत्ता आली आणि १८८२ मध्ये गुरू मद्रासला परतले. १८८७ च्या मद्रास काँग्रेसचे स्वागताध्यक्ष तेच होते. १८९१ मध्ये ते गेले.

तिरुवनंतपुरमला त्यांच्याच काळात उभ्या राहिलेल्या सचिवालयासमोर त्यांचा पुतळा आहे. त्यावरून त्या चौकाला नावच पडलंय 'स्टॅच्यू'. रिक्षावाल्याला एवढंच सांगावं. तो बरोबर माधवरावांपुढे आणून सोडतो.